शुगर आहे, पण फॉर्मवर नाही

परदेश प्रवासाच्या विम्यात आजारांचे दोन वर्ग असतात: परदेशात गाठणारे आणि घरून सोबत आलेले. पहिल्यांचा खर्च विमा कंपनी करते. दुसऱ्यांना पॉलिसीत ‘आधीपासूनचा आजार’ म्हणतात, एजंट घाईत ‘पीईडी’ म्हणतात, आणि त्यांचा खर्च कोणी करायचा हा या शास्त्रातला मुख्य प्रश्न आहे. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर हसऱ्या आजी-आजोबांचा फोटो असतो. प्रश्नाचे उत्तर शेवटच्या पानांवर, त्याच आजी-आजोबांना चष्मा लावूनही वाचता येणार नाही अशा अक्षरात असते.

इंदूरच्या मराठी घरांत हा प्रश्न साधारणपणे सातव्या महिन्यात उद्भवतो. मुलगी किंवा सून न्यू जर्सीत नाही तर टोरांटोत असते, तिचे दिवस भरत आलेले असतात आणि आई-बाबांनी सहा महिन्यांसाठी जायचे ठरते. मग तयारी सुरू होते. डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतशोप, मेतकूट यांची यादी होते. शिवाय इंदूरचा माणूस जिरावण मसाल्याच्या पुडीशिवाय आणि शेवेच्या पाकिटांशिवाय देशाची हद्द ओलांडत नाही. बॅगा पुन्हा पुन्हा वजनकाट्यावर चढतात. विम्याची आठवण या सगळ्यानंतर, मुलाचा रात्री फोन आल्यावर होते. “बाबा, इन्शुरन्स काढला का?” बाबा म्हणतात, “बोललोय एजंटशी.” म्हणजे काढलेला नसतो. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून दुबईचे पहिले आंतरराष्ट्रीय विमान १५ जुलै २०१९ रोजी उडाले, पण अमेरिकेच्या वाटेवर बहुधा मुंबई किंवा दिल्ली लागते. त्यामुळे विमा मुंबईत काढू, असा एक विचार घरात काही दिवस टिकतो. भारतीय कंपन्यांची पॉलिसी सामान्यतः देश सोडण्यापूर्वी काढावी लागते, एवढ्या नियमात तो बसतोही. मात्र विमानतळावरच्या रांगेत, एका हातात पासपोर्ट धरून, मोबाइलवर स्वतःचा वैद्यकीय इतिहास भरणे हे कोणालाच नीट जमलेले नाही.

इतिहास भरायचा म्हणजे आधी तो मान्य करावा लागतो, आणि अडचण तिथेच आहे. कुटुंबात आजारांचे एक स्वतंत्र वर्गीकरण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते. पहिला वर्ग ‘थोडीशी शुगर’. यात रोज दोन गोळ्या घेणारा मधुमेहही मोडतो. दुसरा ‘बॉर्डरवर’. हा रक्तदाब बारा वर्षे बॉर्डरवर तैनात असतो आणि त्याला रजा मिळत नाही. तिसरा ‘कंट्रोलमध्ये’. जो आजार गोळीने कह्यात आहे तो आजारच नव्हे, असे याचे सूत्र आहे; गोळी थांबवली की काय होईल याची चर्चा सूत्रात नाही. चौथा ‘मागे एकदा झालं होतं’. यात दोन स्टेंट बसवलेली अँजिओप्लास्टी, पित्ताशय काढण्याचे ऑपरेशन आणि चिकुनगुनिया हे समान दर्जाने नांदतात. पाचवा ‘वयाप्रमाणे’. गुडघे, मोतीबिंदू आणि प्रोस्टेट या वर्गात पडतात आणि त्यांना आजार म्हटले तर माणसाचा अपमान होतो.

विमा कंपनी या पाचही वर्गांना एकच नाव देते. आकडेवारीही कंपनीच्या बाजूची आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची १३ कोटींच्या वर निघाली. प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक जणांचा रक्तदाब वाढलेला आढळला. ज्या शहरात सकाळ पोहे-जिलबीने होते आणि रात्री सराफ्यातली सोन्याची दुकाने बंद झाल्यावर त्याच ओट्यांसमोर गराडू, भुट्ट्याचा कीस आणि रबडी यांचे दुसरे दुकान मांडले जाते, तिथे हे आकडे कोणाला धक्का देत नाहीत.

गंमत अशी की आपला आजार इथे कोणी लपवत नाही. पोहेवाल्याला तो माहीत असतो, कारण “जिलबी नको, शुगर आहे, एकच दे” हे वाक्य तो रोज ऐकतो. अवंतिका एक्स्प्रेसमध्ये समोरच्या बर्थवरच्या अनोळखी गृहस्थाला तो रतलाम यायच्या आत कळतो. ‘सानंद’ या मराठी संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात तो चहासोबत वाटला जातो, आणि लग्नाच्या पंगतीत क्रिएटिनिनचे आकडे एकमेकांना अभिमानाने सांगितले जातात. ज्याचा आकडा मोठा त्याला शेजारचा मान देतो. एवढे सगळे उघड असताना हा आजार पृथ्वीवर फक्त एका जागेपासून लपवला जातो, आणि ती जागा म्हणजे विम्याचा प्रपोजल फॉर्म.

फॉर्मवरचा प्रश्न सरळ असतो: मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा, कर्करोग, मूत्रपिंडाचा विकार यांपैकी काही आहे का, कोणती औषधे चालू आहेत, मागच्या काही वर्षांत दवाखान्यात दाखल व्हावे लागले का. पुढे ‘हो’ आणि ‘नाही’ अशा दोन चौकटी असतात. या क्षणी एजंट पुढे येतो. तो परका नसतो. मुलाचा शाळासोबती किंवा गल्लीतलाच कोणी असतो. “अंकल, सब में ‘नो’ कर दो, टेन्शन मत लो भिया,” असे तो आश्वासन देतो. अंकल आणि भिया एकाच वाक्यात एकाच माणसाला म्हणता येणे ही इंदूरची खासियत आहे. ‘हो’ला खूण केली तर प्रीमियम वाढतो, कंपनी रिपोर्ट मागते, सत्तरीच्या पुढे ईसीजी, उपाशीपोटी साखर आणि लघवीची तपासणीही सांगू शकते, आणि प्रकरण चार दिवस लांबते. ‘नाही’ला खूण केली तर पॉलिसी पाच मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर येते. या पाच मिनिटांत एजंटचे कमिशन पक्के होते, बाबांचे हजार-दोन हजार रुपये वाचतात आणि कंपनीला पुढे नकार देण्याचा हक्क मिळतो. सौदा तिघांनाही पटतो.

‘आधीपासूनचा’ म्हणजे किती आधीचा, हा पुढचा मुद्दा. देशातल्या आरोग्य विम्यापुरते त्याचे उत्तर नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ठरवून दिले आहे. पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरने निदान केलेला, किंवा ज्यासाठी सल्ला वा उपचार सांगितला किंवा घेतला गेला असा आजार आधीपासूनचा ठरतो. २०२४ पूर्वी ही मुदत ४८ महिने होती. मेडिक्लेममध्ये या आजारासाठी प्रतीक्षा काळ असतो. तेवढी वर्षे हप्ते भरत राहिले की आजार पॉलिसीत सामावला जातो. परदेश प्रवासाच्या विम्याला मात्र ही व्याख्या लागू नाही. तिथे प्रत्येक कंपनी आपली व्याख्या आपण लिहिते आणि बऱ्याच कंपन्या निदान न झालेली, पण जाणवत असलेली लक्षणेही हिशेबात धरतात. म्हणजे तपासलेच नाही तर आजार नाही, हा घरगुती युक्तिवाद इथे चालत नाही. प्रतीक्षा काळाचाही उपयोग नाही, कारण पॉलिसीच सहा महिन्यांची आणि वाट पाहायची तीन वर्षे.

रेल्वेच्या विम्याशी तुलना केली तर हा छळ नीट समजतो. आयआरसीटीसीवर तिकीट काढताना ४५ पैशांत १० लाखांपर्यंतचा विमा मिळतो आणि कोणी शुगर विचारत नाही. कारण त्यात फक्त रेल्वे अपघाताची भरपाई आहे. गाडी रुळावरून घसरली तर पैसे, पण शरीराची गाडी घसरली तर नाहीत. परदेशच्या विम्यात मुख्य भीती दुसऱ्या गाडीची असते, म्हणून प्रश्न तिचेच विचारले जातात.

सगळे खरे सांगण्याचे ओझे विमा घेणाऱ्यावर का, याचे उत्तर १७६६ सालात आहे. सुभेदार मल्हारराव होळकर त्या वर्षी आलमपूरला वारले आणि इंदूरच्या राज्याची काळजी अहिल्याबाईंकडे येऊ लागली. त्याच वर्षी लंडनमध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी एका विम्याच्या भांडणाचा निकाल दिला. सुमात्रा बेटावरच्या फोर्ट मार्लबरो या ईस्ट इंडिया कंपनीच्या ठाण्याचा गव्हर्नर कार्टर याने ठाणे परकीय शत्रूच्या हाती पडण्याविरुद्ध विमा उतरवला होता. फ्रेंचांनी ते खरोखरच घेतले. पैसे देण्याची वेळ आल्यावर विमेकरी म्हणाला, ठाणे दुबळे होते हे आम्हाला सांगितले नाही. न्यायमूर्तींनी तत्त्व सांगितले की विम्याचा करार पूर्ण विश्वासावर उभा असतो, ज्याला माहिती आहे त्याने ती दडवू नये. पण खटल्याचा निकाल त्यांनी गव्हर्नरच्या बाजूने दिला, कारण जे विमेकऱ्याला स्वतःला ठाऊक होते किंवा समजून घेता आले असते, त्यासाठी त्याला दुसऱ्याकडे बोट दाखवता येत नाही. कंपन्यांनी या निकालाचा पहिला अर्धा भाग पाठ केला. दुसरा अर्धा ग्राहकांच्या वकिलांना पाठ आहे.

आता आधीपासूनच्या आजाराला काय मिळते ते पाहू. अनेक भारतीय पॉलिसींत उत्तर असे असते: सामान्यतः काही नाही, जिवावर बेतलेली अनपेक्षित आणीबाणी आली तर जीव वाचवण्यापुरते किंवा तीव्र वेदना थांबवण्यापुरते उपचार. म्हणजे छातीत कळ आल्यावर रुग्ण स्थिर होईपर्यंत कंपनी सोबत असते. तो स्थिर झाला की ती उठून निघते. पुढची तपासणी, नेहमीच्या गोळ्या, फॉलोअप हे सगळे आपापले. काही कंपन्या जास्त प्रीमियमवर जास्त संरक्षण देतात, पण त्यालाही ठरावीक रकमेची मर्यादा असते. पॉलिसीवर ५० हजार डॉलर लिहिलेले असले तरी आधीपासूनच्या आजारापुरता आकडा त्याचा लहानसा हिस्सा असू शकतो. साठीनंतर बऱ्याच पॉलिसींत खोलीचे दिवसाचे भाडे, आयसीयू, सर्जनची फी यांना वेगवेगळी कमाल रक्कम असते. शिवाय पहिले काही डॉलर, बहुधा १००, स्वतःच भरायचे असतात. उपचारासाठीच परदेशी गेलेला किंवा डॉक्टरने मनाई करूनही निघालेला प्रवासी यातून सरळ वगळलेला असतो.

काही मुले आई-बाबांसाठी अमेरिकेतल्या कंपनीची पॉलिसी तिथूनच घेतात. तिच्यात आधीपासूनचा आजार एका खास रूपात चालतो, आणि ते रूप म्हणजे अचानक उसळलेला आजार. अट अशी की त्याने पूर्वसूचना न देता यावे आणि तो आल्यापासून बहुधा २४ तासांच्या आत उपचार घेतलेले असावेत. मराठी घरात दुखणे आले की आधी ओवा, मग शेक, मग “रात्र काढून बघू”, मग सकाळी फोनवर इंदूरच्या डॉक्टरांचा सल्ला असा क्रम असतो. तो पूर्ण होईपर्यंत २४ तास उलटून जातात. “दोन दिवसांपासून जरा जडच वाटत होतं” हे एक वाक्य तर पूर्वसूचना मिळाल्याची लेखी कबुली ठरू शकते. सत्तरीनंतर, काही ठिकाणी ऐंशीनंतर, ही सवलतच संपते किंवा फार लहान होते.

कॅनडाची तऱ्हा आणखी निराळी. आई-बाबांच्या लांब मुक्कामासाठी असलेल्या तिथल्या सुपर व्हिसासाठी किमान एका वर्षाचा आणि किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. तिथल्या पॉलिसींत आधीपासूनचा आजार ‘स्थिर’ असेल तर चालतो. स्थिर म्हणजे ९० किंवा १८० दिवस, जी मुदत पॉलिसीत असेल त्या काळात नवे लक्षण नाही, नवे औषध नाही आणि डोसमध्ये बदल नाही. डोस कमी झाला तरी बऱ्याच ठिकाणी तो बदलच धरतात. बाबांनी पाच महिने सराफ्याकडे पाठ फिरवली, साखर उतरली, डॉक्टर खूश झाले आणि त्यांनी निघायच्या आदल्या आठवड्यात गोळी अर्धी केली, तर घरात पेढे वाटले जातात आणि पॉलिसीच्या लेखी बाबा अस्थिर होतात. पथ्याची अशी शिक्षा आयुर्वेदातही सांगितलेली नाही.

युरोपला जाणाऱ्यांची फसगत वेगळ्या वाटेने होते. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचे संरक्षण असलेला विमा लागतो. वकिलातीत रक्कम, तारखा आणि देश पाहिले जातात; बाबांचा स्टेंट त्या रकमेत येतो का, हे तिथे कोणी तपासत नाही. तरी व्हिसा मिळाला की घरात समजूत होते की विमाही तपासून झाला.

खरी परीक्षा क्लेमच्या वेळी असते आणि तिचा पेपर नातेवाईकच फोडतात. आपत्कालीन विभागात नर्स विचारते, आधी काही आजार? फॉर्मवर सहा वेळा ‘नाही’ लिहिणारे कुटुंब इथे एका सुरात खरे बोलते. आई सांगते, “दहा वर्षं शुगर आहे.” मुलगा भर घालतो, “२०१८ ला अँजिओ.” सून तत्परतेने गोळ्यांचा डबा पुढे करते, त्यात मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन आणि अ‍ॅटॉरव्हास्टॅटिन वार लावून भरलेल्या असतात. नर्स ते सगळे टंकून घेते. हे बोलणे योग्यच असते, जीव त्यावर वाचतो. पण कंपनी बिलासोबत हाच कागद मागवते आणि गरज वाटली तर इंदूरच्या फॅमिली डॉक्टरांकडूनही जुने केसपेपर मागते. मग फॉर्म आणि केसपेपर समोरासमोर ठेवले जातात. नकाराचे पत्र त्यानंतर येते, आणि आयुष्यात प्रथमच घरातले सगळे जण पॉलिसी शेवटपर्यंत वाचतात.

नकार हा शेवट नसतो. सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०२१ रोजी निकाल दिलेले एक प्रकरण या विषयातला आदर्श धडा आहे. २००९ मध्ये नात्यातल्या लग्नासाठी अमेरिकेला निघालेल्या एका गृहस्थांनी प्रवास विमा घेताना मधुमेह लिहून दिला होता, वैद्यकीय तपासणीही झाली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर त्यांना घाम फुटला, हृदयविकाराचे निदान झाले आणि तीन स्टेंट बसवावे लागले. मधुमेह आधीपासूनचा आणि कोलेस्टेरॉलची गोळी सांगितली नाही, म्हणून कंपनीने पैसे नाकारले. राष्ट्रीय ग्राहक आयोगही तिच्याच बाजूने गेला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती नागरत्ना यांच्या पीठाने निकाल फिरवला. जो आजार फॉर्मवर सांगितला आणि जो तपासून कंपनीने पॉलिसी दिली, त्याच आजाराचे कारण पुढे करून क्लेम नाकारता येणार नाही, असे पीठाने सांगितले आणि पैसे व्याजासह द्यायला लावले. लॉर्ड मॅन्सफील्डच्या निकालाचा दुसरा अर्धा भाग असा उपयोगी पडला. मात्र लग्न २००९ चे आणि निकाल २०२१ चा, हा हिशेबही लक्षात ठेवावा.

दडवलेल्या आजाराबाबत निकाल दोन्हीकडे झुकलेले आहेत. आयुर्विम्याच्या २०१५ च्या एका प्रकरणात मणक्याचे दुखणे सांगितले नव्हते आणि मृत्यू हृदयविकाराने झाला. दडवलेल्या दुखण्याचा मृत्यूशी संबंध नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने वारसांना पैसे दिले. उलट मेडिक्लेमच्या २००९ च्या प्रकरणात मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार लपवला होता आणि त्याच विकाराचा क्लेम होता. तिथे न्यायालयाने कंपनीचा नकार कायम ठेवला. थोडक्यात, गुडघे लपवले आणि हृदयाने दगा दिला तर आशेला जागा राहते. शुगर लपवली आणि मूत्रपिंड गेले तर वकिलाची फीसुद्धा वाया जाते.

कोर्टाआधी एक जवळचा रस्ता आहे. कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे जावे. मध्य प्रदेशासाठी त्यांचे कार्यालय भोपाळला आहे. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

त्याआधीचा रस्ता आणखी स्वस्त आहे. घरात ज्या गोळ्यांचा डबा आहे तो उघडावा आणि त्यातल्या प्रत्येक गोळीचे नाव व तिचे कारण फॉर्मवर लिहावे. ‘मागे एकदा झालं होतं’ त्याची तारीख लिहावी. फॉर्म एजंटने भरला असला तरी सही करण्यापूर्वी स्वतः वाचावा आणि प्रत जपून ठेवावी. आधीपासूनच्या आजाराला नेमके किती डॉलर मिळतील, हे कंपनीला ईमेलने विचारावे. फोनवरचे “हो जाएगा” हे उत्तर धरू नये. डॉक्टरांचे चालू औषधांचे पत्र आणि कंपनीचा मदत क्रमांक हातातल्या बॅगेत असावा, लाडवांच्या बॅगेत नव्हे. कॅनडाला जायचे असेल तर डोस बदलण्याआधी पॉलिसीतली स्थिरतेची अट डॉक्टरांना दाखवावी. परदेशात दुखायला लागले तर ओवा जरूर घ्यावा, पण फोन आधी करावा. खरे लिहिल्याने प्रीमियम वाढेल. तो भरावा, अमेरिकेतल्या आयसीयूच्या एका दिवसापेक्षा तो नक्कीच स्वस्त पडतो.